एक, सहा, अकरा

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सकाळच्या सत्रात आठवणी झाल्या, छड्या झाल्या, सहलीही झाल्या. आता जेवणानंतरची वेळ आहे आणि मला विषय दिला आहे वायफायचा. शाळेत असताना या वेळेला भूगोलाचा तास असायचा, त्यामुळे कुणाला डुलकी लागली तर मी समजून घेईन. पण विषय पैशांचा आहे, म्हणून जागे राहा.

आपल्या बॅचने शाळेसाठी निधी जमवला आहे. आजच्या कार्यक्रमपत्रिकेत ठराव आहे, की या निधीतून शाळेला वायफायचे आणखी सहा डबे घेऊन द्यावेत, आणि तेही जास्त ताकदीचे. त्या डब्यांना आमच्या धंद्यात ॲक्सेस पॉइंट म्हणतात. आज आपण डबाच म्हणू. कॉलेजांमध्ये, रुग्णालयांमध्ये असं जाळं बसवणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून खजिनदारांनी माझं मत विचारलं. ते आधीच सांगून टाकतो : आज डबे घेऊ नयेत. आहेत त्यांना आधी शिस्त लावावी, आणि पैसा दुसरीकडे खर्च करावा. असं का, ते सांगण्यासाठी हे भाषण.

शाळेची तक्रार काय आहे? "रेंज फुल्ल दिसते, पण पान उघडत नाही." आठवीच्या वर्गात बाईंनी टॅब वाटले, की पहिल्या दहा मुलांचं चालतं, उरलेल्यांचं चाक फिरत राहतं. सगळ्यांना वाटलं, बाहेरून येणारी इंटरनेटची लाईन खराब आहे. पण संगणक कक्षात वायर लावून बघितलं तर तोच व्हिडिओ न अडखळता चालतो. म्हणजे शाळेच्या दारापर्यंत गंगा व्यवस्थित येते आहे. अडचण आहे ती वायर संपते तिथपासून मुलाच्या हातातल्या टॅबपर्यंत, म्हणजे हवेत.

आता आपली जुनी इमारत आठवा. सातवीच्या अ आणि ब तुकडीच्या मध्ये भिंत नव्हती, लाकडी पार्टिशन होतं. इकडे पाढे चालले की तिकडे ऐकू यायचे. वायफायच्या दृष्टीने सगळी शाळा पार्टिशनची आहे. वायरमध्ये प्रत्येकाला आपला रस्ता असतो. हवा मात्र एकच, आणि त्या हवेत एका वेळी एकानेच बोलायचं असतं. एका डब्याखाली चाळीस टॅब असतील तर चाळीस जण आणि डबा मिळून एकेचाळीस जण पाळीपाळीने बोलतात. बोलण्याआधी प्रत्येक जण कान देतो; कुणी बोलत असेल तर थांबतो; शांत झालं की थोडा वेळ जाऊ देऊन बोलतो. कशेडी घाटात आंधळ्या वळणावर हॉर्न देऊन, कानोसा घेऊन गाडी घालतात, तसंच.

ही शिस्त शिकायला जगाला काही वर्षं लागली. 1971 मध्ये हवाई बेटांवर नॉर्मन अब्रॅमसन नावाच्या प्राध्यापकांनी वेगवेगळ्या बेटांवरची यंत्रं एकाच रेडिओ लहरीवरून विद्यापीठाच्या संगणकाला जोडली. आपल्याकडे मध्ये डोंगर, त्यांच्याकडे समुद्र. नियम सोपा होता : मनात येईल तेव्हा बोला, दोघांचं एकदम झालं आणि निरोप फुटला तर थोड्या वेळाने पुन्हा बोला. गणित मांडल्यावर दिसलं, की अशा कारभारात फार तर 18 टक्के वेळ कामी येतो. उरलेला वेळ एकमेकांवर आदळण्यात किंवा रिकामा जातो. पुढे "आधी ऐका, मग बोला" हा नियम आला आणि 1997 मध्ये वायफायचं पहिलं मानक निघालं तेव्हा तो त्यात बसवला गेला.

आता चॅनेल म्हणजे काय ते सांगतो. वायफायची जुनी पट्टी 2.4 गिगाहर्ट्झची. भारतात ती 2400 ते 2483.5 मेगाहर्ट्झ, म्हणजे साडेत्र्याऐंशी मेगाहर्ट्झ रुंद. या पट्टीवर 1 ते 13 असे क्रमांक टाकले आहेत. बघणाऱ्याला वाटतं, तेरा खोल्या आहेत. पण एका क्रमांकापासून पुढचा क्रमांक फक्त 5 मेगाहर्ट्झ दूर आहे, आणि बोलायला जागा लागते 20 मेगाहर्ट्झ. खोलीचे आकडे तेरा, पण प्रत्येक बिऱ्हाड चार खोल्या अडवतं. म्हणून एकमेकांच्या अंगावर न येणारे क्रमांक तीनच : एक, सहा आणि अकरा. पाढ्यासारखं पाठ करा : एक, सहा, अकरा.

इथे हुशार माणूस एक पळवाट काढतो. तो म्हणतो, एकवर गर्दी आहे, सहावर गर्दी आहे, मग मी मधला तीन घेतो. तिथे कुणीच नाही. दिसायला बरोबर आहे. पण पुन्हा पार्टिशनकडे या. दोन्ही तुकड्यांत एकच मराठी ऐकू येत असेल, तर शेजारच्या बाई बोलतायत हे कळतं आणि आपण थांबतो. वेळ जातो, पण शब्द फुटत नाही. एकाच चॅनेलवरच्या दोन डब्यांचं हे असं असतं. तीन नंबरवरच्याला मात्र एकवरचं आणि सहावरचं बोलणं शब्दांत ऐकू येत नाही, नुसता कालवा ऐकू येतो. कालव्यासाठी कुणी थांबत नाही. तो बोलत सुटतो. त्याचं बोलणं दोघांना कालवा वाटतं आणि तिघांचेही निरोप फुटतात. पुन्हा बोला, पुन्हा फुटा. तेव्हा मधला नंबर ही रिकामी जागा नाही. दोन बाकांच्या मधोमध खुर्ची टाकून बसण्यातला तो प्रकार आहे.

कुणी अभ्यासू मित्र विचारेल, 1, 5, 9, 13 असे चार का नाही? ओसाड माळावर एकट्याने राहायचं असेल तर चालेल. पण महाडच्या बाजारपेठेला लागून असलेल्या शाळेत शेजारची दुकानं, दवाखाने, घरं एक-सहा-अकरावर असतात. आपण पाच घेतला की एकवाल्याला थोडा आणि सहावाल्याला जास्त त्रास. शिवाय काही बाहेर देशी बनावटीची यंत्रं तेरा नंबर ओळखतच नाहीत.

मागच्या महिन्यात मुख्याध्यापकांच्या परवानगीने मी शाळेत दोन दिवस फिरलो. सोबत दहावीतले दोन विद्यार्थी आणि विज्ञानाच्या बाई होत्या. हातात साधा मोबाईल, त्यात चॅनेल दाखवणारं फुकट मिळणारं ॲप, आणि इमारतीचा हाताने काढलेला नकाशा. आपल्या शाळेत आज आठ डबे आहेत, तीन वेगवेगळ्या बॅचनी तीन वेगवेगळ्या वर्षी दिलेले. पैकी पाच सहा नंबरवर, एक तीनवर, एक आठवर आणि एक अकरावर. एक नंबर आपल्या बाजूने रिकामा! आणि आठांपैकी सहा डबे व्हरांड्यात ओळीने टांगलेले, कारण तिथे वायर नेणं सोपं पडलं. व्हरांडा म्हणजे नळी. एका टोकाचा डबा दुसऱ्या टोकाला स्पष्ट ऐकू येतो. म्हणजे पाच डबे असूनही पाचांनी मिळून एकच पाळी वाटून घेतलेली. त्यात सहावा सहा नंबरवर लावला, तर पाळी वाढणार नाही, पाळीला उभे राहणारे वाढतील.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही एक प्रयोग केला. वरच्या मजल्यावरचे तीन डबे व्हरांड्यातून काढून वर्गांच्या आत लावले आणि चॅनेल हाताने ठरवले. खाली डावीकडून 1, 6, 11. वर डावीकडून 11, 1, 6. म्हणजे शेजारी वेगळा, आणि डोक्यावरही वेगळा. तिरकस रेषेत एकसारखे येतात, पण मध्ये स्लॅब आणि भिंत आहे. मग तिन्ही वर्गांत एकाच वेळी जीवशास्त्राचा तोच व्हिडिओ लावला. तिन्हीकडे चालला. यासाठी एक रुपयाही लागला नाही. दगडी इमारतीतल्या प्रयोगशाळेत मात्र तो तेव्हाही अडखळला, आणि त्याचं कारण वेगळं आहे, त्याकडे येतो.

आता "जास्त ताकदीचा डबा" या मुद्द्याबद्दल. मित्रहो, संभाषण दोघांचं असतं. डबा मोठ्याने ओरडला तर टॅबला ऐकू येईल, टॅबवर रेंजच्या सगळ्या काड्या दिसतील. पण टॅबला उत्तर द्यायचं आहे, आणि त्याचा आवाज आहे तेवढाच आहे. मैदानाच्या टोकाला पीटीच्या सरांची शिट्टी ऐकू येते, पण तिथून आपण "सर, पाय मुरगळला" म्हटलेलं सरांना ऐकू येत नाही. "रेंज फुल्ल, पान उघडत नाही" याचं एक कारण हेच. वर, ओरडणारा डबा शेजारच्या चार वर्गांनाही थांबवून ठेवतो. म्हणून आम्ही बहुतेक वेळा डब्याचा आवाज वाढवत नाही, कमी करतो.

याच ओघात मला शेवटच्या बाकाबद्दल बोलायचं आहे. डब्यापासून लांब बसलेल्या मुलाचा टॅब सावकाश बोलतो. दुरून नीट ऐकू जावं म्हणून एकेक अक्षर सुटं बोलावं, तसा. दीड हजार बाइटचा एक निरोप जवळचा टॅब 54 मेगाबिट वेगाने पाव मिलिसेकंदाच्या आत सांगून मोकळा होतो. तोच निरोप सगळ्यात संथ, 1 मेगाबिट वेगाला 12 मिलिसेकंद घेतो. पन्नास पटीहून जास्त. पाळी दोघांना सारखीच मिळते, त्यामुळे एक लांबचा टॅब अख्ख्या वर्गाला संथ करतो. मग पहिल्या बाकावरचे म्हणतात, "हा मागचा कनेक्ट झाला की आमचं अडतं." चूक त्या मुलाची नसते. डबा त्याच्यापासून दोन भिंती लांब टांगणाऱ्यांची असते. आपल्या शाळेत पोलादपूरच्या डोंगरातून दोन एसट्या बदलून येणारी मुलं आजही आहेत, आणि उशिरा पोचणाऱ्याला मागचाच बाक मिळतो. त्याच्या घरी नेट नसेल, तर शाळेतला हा अर्धा तास हेच त्याचं नेट. ठरावावर मत देताना हा मुलगा डोळ्यांपुढे ठेवा, एवढंच माझं मागणं आहे.

आपण महाडकर आहोत, म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदे मंडळात 1923 मध्ये रावबहादूर बोले यांच्या पुढाकाराने झाला. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळं खुलं असल्याचं ठरवलं. तरी 20 मार्च 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक तळ्यावर जाऊन पाणी प्यायले, तोवर त्या कागदाचं पाणी झालं नव्हतं. आणि त्यासाठी त्यांना डोकी फोडून घ्यावी लागली. त्या लढ्याची आणि वायफायची तुलना करण्याचा उद्धटपणा मी करणार नाही. पण कागदावर खुलं असणं आणि प्रत्यक्ष ओंजळीत येणं यातला फरक आपल्या गावाइतका कुणाला कळतो? रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 9 फेब्रुवारी 1995 च्या निकालात म्हटलं आहे. 2.4 गिगाहर्ट्झची पट्टी जानेवारी 2005 पासून विनापरवाना सर्वांना खुली आहे. कुणाला विचारायला नको, भाडं नको. पण जे सगळ्यांचं असतं ते वाटून घ्यायची रीत नसेल, तर मोठ्या आवाजाचा ते घेऊन जातो आणि मागच्या बाकापर्यंत काही पोचत नाही. चॅनेल ठरवणं म्हणजे ही वाटून घ्यायची रीत.

आता थोडं भराभर. वायफायची दुसरी पट्टी आहे 5 गिगाहर्ट्झची. ऑक्टोबर 2018 च्या अधिसूचनेनंतर आपल्याकडे तिथे 600 मेगाहर्ट्झहून थोडी जास्त जागा घराबाहेरसुद्धा खुली आहे. जुन्या पट्टीच्या सातपट. तिथले 36, 40, 44, 48 किंवा 149, 153, 157, 161 हे क्रमांक एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. मधल्या काही क्रमांकांवर हवामानाच्या रडारसारखी यंत्रणा असते. तिथे डब्याने आधी ऐकायचं आणि रडार आढळलं तर जागा सोडायची, असा शिरस्ता आहे. म्हणून शाळेने कडेचे क्रमांक आधी वापरावेत. या लहरी जाड भिंतीतून कमी जातात. घरात ही अडचण वाटते, शाळेत तो फायदा आहे : एका वर्गाचं बोलणं त्या वर्गातच राहतं. आपल्या आठांपैकी पाच डबे दोन्ही पट्ट्यांवर बोलू शकतात, पण त्यांची 5 ची पट्टी कुणी चालूच केलेली नाही. ती चालू करावी, रुंदी 80 ऐवजी 20 ठेवावी, आणि एकाआड एक डब्याची 2.4 ची पट्टी चक्क बंद करावी.

आणखी एक. आपल्या प्रत्येक डब्यावर चार नावं दिसतात : शिक्षक, विद्यार्थी, कार्यालय, पाहुणे. प्रत्येक नाव सेकंदाला सुमारे दहा वेळा "मी इथे आहे" अशी दवंडी देतं, आणि तीही सगळ्यात संथ आवाजात. हिशेब केला तर एका नावाच्या दवंडीत हवेतला साधारण अडीच टक्के वेळ जातो. एका चॅनेलवर तीन डबे आणि प्रत्येकी चार नावं, म्हणजे बारा दवंड्या. मुलांनी काही उघडण्याआधीच तीस टक्के वेळ संपला. दोन नावं पुरे आहेत.

पोलादपूर तालुक्यातल्या शाळांमध्ये शिकवणारे आपले चार मित्र समोर बसले आहेत. त्यांची स्थिती उलटी आहे. तिथे शेजारी कुणी नाही, हवा मोकळी आहे, कुठलाही चॅनेल चालेल. पण तिथवर लाईनच नीट पोचत नाही. त्यांनी वरच्या यादीवर वेळ घालवू नये. अशा गावांसाठी आयआयटी मुंबईच्या प्राध्यापक अभय करंदीकर यांच्या गटाने पालघर जिल्ह्यात खामलोलीच्या परिसरात प्रयोग केला होता. टीव्हीच्या पट्टीतल्या वापरात नसलेल्या लहरींवरून गावापर्यंत नेट नेलं आणि गावात वायफायने वाटलं. त्या लहरी झाडीतून आणि उंचसखल भागातून जास्त चांगल्या जातात. आपल्या डोंगरांना असंच काही तरी लागेल. औषध देण्याआधी रोग बघावा.

पावसाबद्दल नेहमी विचारतात. आपला पाऊस कितीही कोसळला तरी वर्गातल्या वायफायला पावसाच्या थेंबांनी काही होत नाही. त्रास होतो तो ओल्या भिंतींचा आणि जाणाऱ्या लाईटचा. लाईट येते तेव्हा आठही डबे एकदम जागे होतात, सगळे एकदम कान देतात, सगळ्यांना शांतता ऐकू येते, आणि 'आपोआप' वर ठेवलेले डबे कधी कधी एकच नंबर पकडून बसतात. पाच डबे सहावर कसे गेले, याचं बहुधा हेच उत्तर आहे. म्हणून चॅनेल हाताने ठरवायचे. आणि 22 जुलै 2021 चा पूर आपण कुणी विसरलेलो नाही. त्या दिवशी तळियेत दरड कोसळली आणि महाड पाण्याखाली होतं. फोन लागत नव्हते. परगावच्या आपल्यातल्या प्रत्येकाने ती रात्र कशी काढली ते ज्याचं त्याला माहीत. शाळेचा मुख्य स्विच आणि बॅटरी आज तळमजल्यावर कार्यालयाच्या टेबलाखाली आहे. ती वरच्या मजल्यावर गेली पाहिजे.

तर माझा बदललेला ठराव असा. पहिलं, नवे डबे नाहीत. दुसरं, दगडी इमारतीतल्या प्रयोगशाळेपर्यंत वायर ओढायची आणि तिथे आतच एक डबा हलवायचा. त्या जाड दगडी भिंतीपलीकडून बोलणं पोचवायचा नाद सोडायचा. प्रयोगशाळेचं अडखळणं एवढ्यानेच थांबेल. तिसरं, बाकीचे व्हरांड्यातले डबे वर्गांत न्यायचे. चौथं, स्विच आणि बॅटरी वरच्या मजल्यावर. पाचवं, इमारतीचा नकाशा काढून त्यावर प्रत्येक डब्याचा चॅनेल लिहायचा आणि तो कार्यालयात वेळापत्रकाशेजारी लावायचा. पुढच्या बॅचने डबा भेट दिला तर आधी नकाशा बघायचा. सहावं, दर सत्राच्या सुरुवातीला नववीच्या दोन विद्यार्थ्यांनी मोबाईल घेऊन शाळाभर फिरायचं आणि नकाशा तपासायचा. वायर ओढणं सोडलं तर यातल्या कशाला फारसा खर्च नाही. निधी उरेल. तो ग्रंथालयाला द्यायचा की मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दुरुस्तीला, ते तुम्ही ठरवा. त्यात माझं एकच मत आहे, आणि ते बाकीच्यांइतकंच.

काही मित्रांना वाटेल, देणगी दिसली पाहिजे. डब्यावर बॅचचं नाव लिहिता येतं, नीट लावलेल्या चॅनेलवर लिहिता येत नाही. खरं आहे. पण आपल्या गुरुजनांनी आपल्याला जे दिलं त्यावरही कुठे त्यांचं नाव लिहिलेलं नाही. ते चालतं आहे एवढंच दिसतं.

नकाशाची एक प्रत मी सोबत आणली आहे. ज्यांना बघायची असेल त्यांनी चहाच्या वेळी विज्ञानाच्या बाईंकडे मागावी, कारण पुढचं काम त्याच बघणार आहेत.